"मॅम, एआय करणारच आहे तर आम्ही रोटो कशाला शिकायचं?"

पत्र (थोडं कापलंय):

ताई नमस्कार. मी मुंबईत ११ वर्षं कॉम्पोझिटर (वेगवेगळी दृश्यं एका शॉटमध्ये बेमालूम जोडणारी) होते, मालाड-गोरेगाव सगळं करून झालं. मुलीची शाळा आणि आईची तब्येत म्हणून पुण्याला परत आले आणि गेल्या जूनपासून हायवेवरच्या एका खाजगी विद्यापीठात व्हीएफएक्स-अ‍ॅनिमेशनच्या डिग्रीला शिकवते. सेकंड इयरची ४२ मुलं, लॅबमध्ये धड चालणारी २० मशीन. मुलांना दर महिन्याला नवीन सॉफ्टवेअर हवं असतं, मी एखादा नोड (सॉफ्टवेअरमधला कामाचा एक ठोकळा) समजावते तर ती तेच यूट्यूबवर दुप्पट स्पीडने बघून बसलेली असतात. पेपरात ७० मार्कांना "रोटोस्कोपिंग म्हणजे काय ते सांगून त्याचे फायदे लिहा" असले प्रश्न (रोटो म्हणजे फुटेजमधली माणसं-वस्तू एकेक फ्रेम गिरवून वेगळी काढणं). एचओडी सर कॉम्प्युटर सायन्सचे, माणूस चांगला, पण रिसर्च पेपर कधी टाकताय एवढंच विचारतात. आणि परवा एका मुलाने सगळ्यांसमोर विचारलं की मॅम, एआय करणारच आहे तर आम्ही रोटो कशाला शिकायचं. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. काम येतं पण शिकवता येत नाही असं वाटायला लागलंय. राहू का सोडू?
नवीन मॅम, पुणे

नवीन मॅम,

सोडू नकोस, निदान हे वर्ष तरी. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला एवढंच दिसलं की तू त्या पोरांना सॉफ्टवेअर शिकवतेयस, आणि त्यात तू यूट्यूबशी कधीच जिंकणार नाहीस गं, ते फुकट आहे, पॉज करता येतं, रात्री दोनला जागं असतं आणि अटेंडन्स घेत नाही. तुझ्याकडे वेगळं काहीतरी आहे. ११ वर्षं तू रोज कुणासमोर तरी शॉट ठेवलास, तो परत आला, नोट्स वाचून शिव्या घातल्यास, परत केलास, परत आला. ट्युटोरियल कधी रिटेक देत नाही. त्यामुळे या मुलांना बनवता येतं थोडंफार, पण आपलं काम दुसऱ्याच्या नजरेने बघणं आणि "इथे चुकलंय" ऐकून तेच परत उघडून बसणं, हे त्यांच्या आयुष्यात अजून घडलेलंच नाहीये. म्हणून माझं म्हणणं एकच, वर्ग डेलीजसारखा चालव, स्टुडिओत रोज सगळ्यांसमोर शॉट लावून नोट्स देतात तसा. बाकी जे काही आहे, सिलॅबस, सॉफ्टवेअर, एआय, नॅकच्या (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फायली, ते त्याच्याभोवती बसवून घे, बसतं सगळं.

आता कसं ते सांगते, कारण "इंडस्ट्रीसारखं वातावरण" असं ब्रोशरमध्ये सगळेच छापतात.

आठवड्यातला एक प्रॅक्टिकलचा स्लॉट डेलीजला लावून टाक, वार बदलायचा नाही. ४२ जणांचं एकदम करू नकोस, एकेकाला चार मिनिटं धरली तरी १६८ मिनिटं होतात आणि शेवटची वीस पोरं तोपर्यंत फोनमध्ये गेलेली असतात. दोन बॅच कर, २१ जणांचं दीड तासात उरकतं. शॉट दोन-तीन सेकंदांचा, त्याच्यावर घ्यायचाच नाही. फाइलचं नाव ठरलेलं, शॉट नंबर, डिपार्टमेंट, व्हर्जन. फ्रेम १००१ पासून सुरू, आणि का ते त्यांना सांग, की पुढेमागे शॉटच्या आधी हँडल्स (जादा फ्रेम) लागले किंवा धूर-पाण्याच्या सिम्युलेशनला प्रीरोल (आधीपासूनच्या फ्रेम) लागला तर मायनस आकड्यात जावं लागू नये म्हणून. असली कारणं मुलांना फार आवडतात, नियम कोणी उगाच केलेला नाही हे कळलं की पाळतात. "फायनल_फायनल_खरंच फायनल" नावाची फाइल आली की प्ले करायची नाही, एवढी कडक रहा.

शॉट लागायच्या आधी मुलाने एक वाक्य बोलायचं, शॉटमध्ये काय घडतंय. कसं केलं ते नाही, काय घडतंय. मग तीन वेळा लूप आणि करणाऱ्याने गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड जातं बघ, प्रत्येकाला "मॅम ते रेंडर राहिलं होतं, काल लाइट गेली होती" सांगायचंच असतं. नाही म्हणायचं, स्क्रीनवर जे आहे तेवढंच आहे. मग वर्गातल्या दोघांनी नोट द्यायची आणि नोट फ्रेम नंबरसकट, "छान वाटतंय" किंवा "काहीतरी मिसिंग आहे" चालणार नाही, "१०४३ ला डाव्या खांद्याची एज चॅटर होतेय" (कड थरथरतेय) हे चालेल. शेवटी तू. आणि तू पण तीनच नोट्स दे गं, तुला सतरा चुका दिसणार मला माहितीये, पण तीनच.

बोलणं मराठीत होऊ दे, हिंदीत होऊ दे, ज्याला जे येतं त्यात. आपल्याकडे डिप्लोमा-बारावी करून आलेली, इंग्रजीला घाबरणारी पण नजर तयार असलेली पोरं खूप असतात आणि इंग्रजीत क्रिटिक ठेवलं की तीच गप्प होतात. पण नोट लिहून काढायची ती मात्र इंग्रजीत, एका ओळीत, कारण उद्या लंडन-व्हँकुव्हरहून येणारी नोट तशीच येणार आहे आणि त्यांना पण उत्तर तसंच टाकावं लागणार आहे. एक गुगल शीट कर, शॉट, व्हर्जन, नोट, झालं का. पुढच्या आठवड्यात आधी शीट उघडायची आणि मग शॉट. मार्क कशाला? तर नोट ॲड्रेस झाली का याला. सुंदर दिसतंय याला नाही. ज्याची चित्रकला आधीपासून चांगली, इंटरमिजिएटला ए ग्रेड वगैरे, तो पहिल्या महिन्यात भाव खाऊन जातो आणि मग तिथेच बसतो, आणि तिसऱ्या बेंचवरचं पोरगं व्ही००१ ला (पहिल्या व्हर्जनला) भयंकर असतं पण व्ही००७ ला त्याच्या पुढे गेलेलं असतं. मार्क त्या प्रवासाला मिळाले तर वर्गाचा नूरच बदलतो, हे मी बऱ्याच बॅचेसमध्ये बघितलंय.

प्रोजेक्टरवर कलर बघू नको, कॉलेजचे प्रोजेक्टर सगळं फिकट धुतलेलं दाखवतात. एक बरा मॉनिटर मागून घे, कॅलिब्रेट कर, आणि रंगाबद्दल जे काय बोलायचं ते त्याच्यासमोर सहा-सहा जणांना उभं करून.

आता त्यांना करायला काय द्यायचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण सगळी गोम इथेच आहे. स्टॉक फुटेज देऊ नकोस. नेटवरची हिरव्या पडद्यापुढची मॉडेल ज्या प्लेट्समध्ये (शूट केलेल्या मूळ फुटेजमध्ये) असते त्या इतक्या स्वच्छ असतात की कीअर (हिरवा रंग काढून टाकणारा नोड) टाकला की झालं, आणि मुलांना वाटतं कीइंग येतं आपल्याला. त्यांना त्यांचंच शूट करू दे, फोनवर. एक्सपोजर आणि फोकस लॉक, स्टॅबिलायझेशन बंद (हे विसरले की मॅचमूव्ह, म्हणजे फुटेजवरून कॅमेऱ्याची हालचाल शोधणं, बोंबलतो, कारण फोन प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने सरकवून कापत असतो, आणि कॅमेरा सॉल्व्हला वाटतं लेन्सच हलतेय). सोबत टेप घेऊन जायचं आणि कागदावर लिहायचं, कॅमेऱ्याची उंची, टिल्ट, माणसापासून अंतर, किती वाजता, ऊन कुठल्या बाजूने. फोकल लेंथ आणि सेन्सरचा साइज शोधून काढायचा, जाहिरातीत "इतक्या एमएम इक्विव्हॅलंट" लिहिलेलं असतं ते खरं फोकल लेंथ नाही हे त्यात कळतं. चकचकीत स्टीलचा गोळा मिळाला तर बेस्ट, नाहीतर निदान एक प्लॅस्टिकचा चेंडू मॅट ग्रे रंगवून प्रत्येक सेटअपला फ्रेममध्ये धरायचा, लाइट कुठून येतोय आणि सावलीची बाजू किती गडद आहे ते नंतर सीजी (कॉम्प्युटरवर केलेली वस्तू) बसवताना याच्यावरून कळतं.

आणि लोकेशन तर तुझ्या दारात आहे बाई. पेठांमध्ये कुठल्याही गल्लीत कॅमेरा वर केला की केबलच्या वायरी, बॅनर, डिशच्या छत्र्या, एसीचे डबे. प्रेप (नको ते पुसून प्लेट साफ करणं) शिकवायला याहून चांगली जागा जगात कुठे असेल असं मला वाटत नाही. एका जुन्या वाड्याचा शॉट घ्यायचा, जरा हलत्या कॅमेऱ्याने, आणि सगळ्या वायरी काढायच्या. पुढच्या असाइनमेंटला त्याच वाड्याचा पडलेला मजला परत चढवायचा. पहिल्यात पेंट, क्लीन प्लेट (नको ते काढलेली रिकामी प्लेट), ट्रॅक. दुसऱ्यात मॅट पेंटिंग (दृश्यात बेमालूम बसणारं रंगवलेलं चित्र), प्रोजेक्शन, लाइट मॅच. तीच प्लेट दोन महिने वापरली की मुलाला ती प्लेट पाठ होते, ग्रेन किती आहे, सावलीत निळसर किती आहे, आणि मॅच करणं म्हणजे काय हे तेव्हा डोक्यात शिरतं. दर आठवड्याला नवीन विषय दिला तर हे कधीच होत नाही.

अ‍ॅनिमेशनच्या बाजूला पण तेच. बाउन्सिंग बॉल, पेंडुलम, वॉक सायकल हे करायचंच, व्हीएफएक्सवाल्या मुलांनी सुद्धा, ते "आम्ही कॉम्पवाले" म्हणून कुरकुरतील, करू दे. पण वॉक सायकल परदेशी पुस्तकातल्या पोझेस बघून कॉपी करण्यापेक्षा आधी अर्धा दिवस स्वारगेटला उभं करून रेकॉर्ड करायला लाव, डोक्यावर बोचकं घेतलेली बाई कशी चालते, मान हलत नाही आणि सगळं कमरेतून होतं, गुडघे गेलेले आजोबा एस्टीची पायरी कसे चढतात. वजन शिकवायचं तर तालमीत ने. गणपतीत पथकाचा ध्वज नाचवतात त्याचं फुटेज घेऊन ठेव, कापड पुढे आणि टोक मागून, ओव्हरलॅपिंग अ‍ॅक्शनवर तासभर बोलण्यापेक्षा ते एकदा फ्रेम बाय फ्रेम बघितलेलं बरं.

स्टडी टूरचं बजेट असेल आणि दरवेळी कुठल्यातरी फिल्मसिटीत जाऊन फोटो काढून परत येत असतील तर यंदा कुडाळजवळ पिंगुळीला ने. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र उलगडत गोष्ट सांगणं, आणि चामड्याच्या छायाबाहुल्या म्हणजे सांधे असलेला कटआउट रिगच आहे, हाताला वेगळा तुकडा, पिव्हट (वळायचा बिंदू) कुठे ठेवलाय बघ, आणि चेहऱ्यावर काहीच हलत नसताना नुसत्या सिल्हूटवर राग कसा कळतो ते बघ. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, म्युझियम आहे तिथे. मुंबईत पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे तेही दाखव, आणि हेही सांग की त्याच फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये १९५६ साली डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते आणि अ‍ॅनिमेटर राम मोहन तिथेच घडले. म्हणजे आपल्याकडे हे शास्त्र आलंच मुळात शेजारी बसून, चित्र दाखवून, परत काढून.

इतिहासाचं एक युनिट सिलॅबसमध्ये असेलच, ते वाचून दाखवू नको, करायला लाव. दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रच्या आधी कुंडीत मटार लावून त्याची वाढ थोडी थोडी करत शूट केली होती, ते दाखवून पैसे उभे केले, आणि १९१५ च्या सुमारास आगकाड्या फ्रेम बाय फ्रेम हलवून छोटी फिल्म केली. अमेरिकेत मॅक्स फ्लायशर रोटोस्कोपच्या पेटंटचा अर्ज करत होता तोही १९१५ लाच, भावाला विदूषकाचे कपडे घालून गच्चीवर नाचवलं आणि फिल्मवरून एकेक फ्रेम गिरवली. आता मुलांना मूग भिजत घालून हॉस्टेलच्या खिडकीत फोन लावायला सांग, आणि एक काडेपेटी. लाइट बदलला की फ्लिकर येतो, टेबलाला धक्का लागला की पॉप येतो, हे त्यांना एकदा स्वतःच्या हाताने झालं की पुढे डिफ्लिकर आणि स्टॅबिलाइज या नोड्सचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

रेंडरचं गणित आधी फळ्यावर मांड, नाहीतर सेमिस्टरच्या शेवटी रडारड. १० सेकंद म्हणजे २४० फ्रेम, फ्रेमला १० मिनिटं लागली तर एका मशीनवर ४० तास. दोन मिनिटांची ग्रुप फिल्म म्हणजे २८८० फ्रेम, ४८० तास, वीस दिवस. तुझ्या २० मशीनवर वाटलं तर एक अख्खा दिवस-रात्र, आणि ते पहिल्याच फटक्यात बरोबर येणार नाही, तीनदा होणार. त्यात लॅब पाचला बंद होते आणि शिपाईकाका मेन स्विच काढून जातात! म्हणून सुरुवातीलाच नियम कर की फ्रेमला ४ मिनिटांच्या वर जाणारा सीन रेंडरला घेतला जाणार नाही, मग मुलं आपोआप सॅम्पल्स, टेक्श्चर साइज, बॅकग्राउंड मॅट पेंटिंगवर भागवणं वगैरे शिकतात, जे शिकवून शिकत नाहीत. डायरेक्ट व्हिडिओ फाइल काढायची नाही, इमेज सीक्वेन्सच, म्हणजे लाइट गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे. आणि रात्रीच्या लॅबची परमिशन लेखी घे, तोंडी "हो हो बघू" वर विश्वास ठेवू नको.

पेपर. "रोटोस्कोपिंगचे फायदे लिहा" तुला बदलता येणार नाही लगेच, बोर्ड ऑफ स्टडीजला वेळ लागतो, पण प्रश्न काढताना तुझ्या हातात बरंच असतं. कम्पोझिटिंगचं युनिट आहे ना, मग त्यात ओव्हरचं (एक इमेज दुसरीवर ठेवायचं) गणित घाल. पोर्टर आणि डफ यांनी १९८४ ला मांडलेलं तेच, वरची प्रीमल्टिप्लाय केलेली (अल्फाने, म्हणजे अपारदर्शकतेने, आधीच गुणलेली) इमेज, अधिक खालची गुणिले एक वजा अल्फा. वरची ०.३, अल्फा ०.५, खालची ०.४, तर उत्तर किती? ०.५. आणि मग पुढचा प्रश्न, हीच इमेज चुकून दोनदा प्रीमल्टिप्लाय झाली तर एजला काय दिसेल आणि का? ज्याने काळी किनार आयुष्यात एकदा तरी स्वतः काढलीये तो पाच ओळीत लिहून जाईल, आणि गाइड पाठ केलेला अडकेल. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवे फोटोसाइट (प्रकाश टिपणारे ठिपके) लाल किंवा निळ्याच्या दुप्पट का, आणि त्याचा हिरव्या पडद्याशी काय संबंध? हे पण थिअरीच आहे ना. एचओडी सर कॉम्प्युटरवाले आहेत, त्यांना असले प्रश्न आवडतील बघ, तुमचं दोघांचं जमायला इथून सुरुवात होईल.

सॉफ्टवेअरचं पटकन सांगते. एक थ्रीडी, एक नोडवालं कॉम्प, बास. थ्रीडीला ब्लेंडर घे, फुकट आहे, मुलांच्या घरच्या लॅपटॉपवर चालतं, आणि जो म्हणेल की हे काय हौशी लोकांचं, त्याला सांग २०२५ ला अ‍ॅनिमेशन फीचरचं ऑस्कर मिळालेली लॅटव्हियाची "फ्लो" ब्लेंडरमध्येच केलीये. कॉम्पला न्यूकचं नॉन-कमर्शियल घे नाहीतर रिझॉल्व्हमधलं फ्यूजन. हूडिनी पाहिजे म्हणणाऱ्यांना फुकटचं व्हर्जन घरी टाकायला सांग आणि धूर-पाणी करून डेलीजला आण म्हणावं, नोट्स तेव्हा देऊ. बहुतेक जण आणत नाहीत.

आता तो प्रश्न. पोराने विचारलं ते योग्यच विचारलं आणि त्याला खरं उत्तर दे. खरं हे आहे की आपल्याकडे फ्रेशरला जी पहिली नोकरी मिळायची ती रोटो, पेंट, मॅचमूव्ह, म्हणजे परदेशातून आऊटसोर्स होऊन येणारं सुट्टं काम, आणि मशीन लर्निंगने आधी हात घातलाय तो तिथेच. हे लपवून ठेवण्यात काय अर्थ? पण रोटो शिकायचं की नाही याचं उत्तर त्यातून "नाही" असं येत नाही. न्यूकमध्ये २०२१ पासून कॉपीकॅट नावाचा मशीन लर्निंगचा नोड आहे, त्याला शिकवायला आर्टिस्टने थोड्या फ्रेम हाताने चोख करून द्याव्या लागतात आणि तो तेवढ्यावरून उरलेल्या काढतो. त्या थोड्या फ्रेममध्ये एज डळमळीत असेल तर मशीन डळमळणंच शिकणार. शिवाय रोटो म्हणजे हालचालीचा अभ्यास आहे, दंड वेगळा, मनगटापर्यंतचा हात वेगळा, पंजा वेगळा, की-फ्रेम (आकार हाताने पक्का करायची फ्रेम) कुठे टाकायची तर जिथे हालचाल दिशा बदलते तिथे, दर पाच फ्रेमला नाही. जे बाउन्सिंग बॉलला शिकवलं तेच. म्हणून दीड महिना रोटो मनापासून करून घे, सेमिस्टरभर नको. एका मुलाला सहा महिने नुसते स्प्लाइन (रोटोच्या वक्र रेषा) ओढायला लावणं हे शिक्षण नाही, ती कारखान्याची भरती झाली.

आणि जनरेटिव्ह व्हिडिओवर बंदी घालू नको, घरी वापरतातच. एक असाइनमेंट दे, जे टूल वापरायचं ते वापरून तीन सेकंदांचा शॉट आणा, डेलीजला लाव, आणि मग नोट दे, "बाकी काही बदलायचं नाही, फक्त डावा हात सहा फ्रेम उशिरा उचल आणि मागच्या भिंतीचा हिरवा थोडा कमी कर." पुढच्या आठवड्यात बघ काय आणतात ते. काहींचा माणूसच बदललेला असेल, काहींची भिंत. एखादा शहाणा निघेल जो जनरेट केलेला शॉट न्यूकमध्ये आणून हात वेगळा काढेल, मागे क्लीन प्लेट करेल आणि रिटाइम करेल. तुझा सगळा सिलॅबस त्या एका मुलाच्या स्क्रिप्टमध्ये (न्यूकच्या फाइलमध्ये) दिसेल, वर्गाला तीच उघडून दाखव.

नोकरीबद्दल पण गोड बोलू नकोस. आईबाप लाखांनी फी भरतात, बऱ्याच वेळा कर्ज काढून, त्यांना "इंडस्ट्री वाढतेय" एवढंच ऐकवणं बरोबर नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये मुंबई-हैदराबादला ऑफिसं असलेल्या ऱ्हिदम अँड ह्यूज या व्हीएफएक्स स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्यांच्याच "लाइफ ऑफ पाय"ला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हीएफएक्सवाला टेक्निकलर ग्रुप कोसळला आणि बेंगळुरू-मुंबईतली हजारो माणसं काही दिवसांत घरी बसली. काम वाईट होतं म्हणून नाही, धंद्याची रचनाच अशी आहे की बोली ठरलेल्या किमतीला लावायची आणि बदल शेवटपर्यंत येत राहणार. म्हणून मुलांना मॅन-डे (एका माणसाचं एका दिवसाचं काम) मोजायला शिकव. प्रत्येक असाइनमेंटच्या आधी लिहायचं, किती तास लागतील, नंतर लिहायचं, किती लागले. पहिल्या वेळेला तिप्पट फरक येतो आणि सगळे हसतात, वर्षाअखेरीला अंदाज जवळ यायला लागतो. पुढे कुणी सुपरवायझर "होईल ना उद्यापर्यंत?" विचारेल तेव्हा हो म्हणायच्या आधी त्या मुलाकडे आकडा असेल. आणि नाइट-आउटच्या स्टोऱ्या अभिमानाने सांगू नकोस प्लीज, आपल्या पिढीने ते फार केलं, मी पण वर्गात कुणी रात्रभर जागून आणलंय म्हणून एक मार्क जास्त देत नाही.

शोरीलचं (नोकरीसाठी दाखवायच्या आपल्या कामाच्या व्हिडिओचं) एवढंच, मिनिट-दीड मिनिट, बेस्ट शॉट पहिला, ब्रेकडाउन (शॉट कसा बनला ते) हवं, ग्रुपचं काम असेल तर आपण काय केलं ते खाली लिहिलेलं. ट्युटोरियल बघून केलेला डोनट नको. रील बघणाऱ्याने तो डोनट इतक्या वेळा बघितलाय की त्याला आता भूक पण लागत नाही.

पेपरबाजी. ती नोट्सची शीट आहे ना, ती नॅकला सोनं आहे, सतत मूल्यमापनाचा याहून चांगला पुरावा कुणाकडे नसतो, व्हर्जन, तारीख, फीडबॅक, सुधारणा सगळं आलं. सीओ-पीओ मॅपिंग (विषयाची आणि डिग्रीची उद्दिष्टं जुळवणं) करताना पण तीच वापर, सरांना एकदा बसून दाखव. रिसर्च पेपर पण त्यातूनच निघेल, दोन सेमिस्टरचा डेटा जमू दे. तुझे मुंबईतले मित्र आहेत त्यांना सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) किंवा गेस्ट लेक्चरला ऑनलाइन डेलीजला बसव, महिन्यातून एक तास, आर्टिस्ट लोकांना लेक्चर दे म्हटलं की घाम फुटतो पण नोट्स दे म्हटलं की एका पायावर तयार असतात.

तुझ्या स्वतःच्या पोस्टचं, यूजीसीची प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची सोय २०२२ पासून आहे, त्याला नेट-पीएचडी लागत नाही पण १५ वर्षांचा अनुभव लागतो, तुझी ११ आहेत. तोपर्यंत रेग्युलर असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर पीजी ५५ टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट. नेटला अ‍ॅनिमेशन असा वेगळा विषय नाहीये, लोक व्हिज्युअल आर्ट किंवा मास कम्युनिकेशन घेऊन बसतात, तुझं पीजी कशात आहे त्यावर ठरव. आणि काँट्रॅक्टमध्ये बाहेरची फ्रीलान्स कामं करायला मनाई आहे का ते एकदा नीट वाच, नसेल तर वर्षातून दोन-तीन शॉट करत रहा, हात चालू राहिला पाहिजे.

पुढच्या सोमवारी सुरू कर. पहिल्या दिवशी पाच-सहाच पोरं शॉट घेऊन येतील, चालेल. सगळ्यात आधी तुझा शॉट लाव, स्टुडिओतला नको, एनडीए (गुप्ततेचा करार) वगैरे भानगडी, घरी रविवारी केलेला दोन सेकंदांचा काहीही. एक वाक्य बोल, तीनदा लूप कर आणि गप्प बस. आधी कुणी बोलणार नाही, मग तो एआयवाला मुलगाच बोलेल बहुतेक. त्याने दिलेली नोट शीटमध्ये लिही आणि व्ही००२ करून आण.

ताई